दिवसाला एकच थेंब

माझा रंग मूळचा निळा. आता कडा पांढऱ्या पडल्यात, आणि पाठीवरचं झाकण सैल झालंय म्हणून त्याला चिकटपट्टी मारलेली आहे. मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे, म्हणजे रक्तातली साखर मोजणारं यंत्र. तळहातात मावेन एवढाच. माझ्या तोंडात एक पातळ पट्टी घालायची, तिच्या टोकाला रक्ताचा थेंब लावायचा, की पाच सेकंदांत मी आकडा सांगतो. विचारलं तरच सांगतो, आणि ज्या घडीला विचारलं त्या घडीचंच सांगतो. त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय होणार, ते मला ठाऊक नसतं. माझ्या आयुष्याचं सगळं दुःख एवढ्यातच आहे. पण ते तुम्हाला नीट कळावं, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म कुठल्या गावच्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. लख्ख उजेडाची एक खोली आठवते. डोक्याला टोप्या घातलेल्या बायका आम्हा सगळ्यांना एकामागून एक साखरेचं पाणी पाजत होत्या. ज्यांचे आकडे चुकले ते माझे भाऊ शेजारच्या पेटीत पडले. माझा एकही चुकला नाही. तो माझा पहिला अभिमान.

तिथून मी आलो सांगलीला, औषधाच्या दुकानात, आणि तिथून महावीर मगदूम यांच्या घरी. त्यांचा हळदीचा व्यापार होता. अंगाला, कपड्यांना, नोटांनासुद्धा हळदीचा वास. त्यांच्या बोटाला टोचायचं काम त्यांच्या पत्नी राजमती करायच्या. रोज सकाळी आंघोळ झाली की पाटावर बसायचं, बोट पुढं करायचं, डोळे मिटायचे. एवढा मोठा व्यापारी, पण टोचणीला भ्यायचा.

"आवं, अजून टोचलं बी न्हाई, तोवर तोंड कशाला वाकडं करताय?" राजमती म्हणायच्या.

महावीरांच्या मांडीवर त्या वेळी बोका बसलेला असायचा. त्याचं नाव सुंठ्या, कारण रंग अगदी सुंठीसारखा. गोदामातल्या पोत्यांच्या फटीत तो त्यांना सापडला तेव्हा मुठीएवढा होता. माझा आकडा उमटला की महावीर आधी त्याला दाखवायचे. "घरात खरं बोलणारी दोघंच हायती," ते म्हणायचे. "एक हे यंत्र आणि एक हा बोका. बाकीची सगळी माझं मन राखत्यात."

ती वर्षं माझी सुखाची. राजमतीबाई शाळा शिकल्या सातवीपर्यंत, पण साखरेच्या बाबतीत त्या डॉक्टरच झाल्या होत्या. सकाळचा आकडा चढला की संध्याकाळच्या इन्सुलिनच्या सुईत दोन युनिट वाढवायची, उतरला की कमी करायची. डॉक्टरांनी आखून दिलेला कागद फ्रीजच्या दारावर चिकटवलेला होता, पण त्यांना तो बघावा लागत नसे. दहा वर्षांत त्यांचा हात एकदाही चुकला नाही. महावीर गेले ते साखरेनं नव्हे, हृदयानं गेले. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "साखर बाईंनी फार छान सांभाळली होती." मी तेव्हा त्यांच्या पिशवीतच होतो. ती शाबासकी थोडी माझीही होती.

त्यानंतर मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि डबा फ्रीजवर गेला. वर्षभर मला कुणी हात लावला नाही. घरातलं बोलणं कमी झालेलं मला डब्यातून जाणवायचं. राजमतीबाई कामापुरतं बोलायच्या. मात्र दुपारी सगळं आवरल्यावर त्या सुंठ्याशी बोलायच्या, हलक्या आवाजात, बराच वेळ. काय बोलायच्या ते कळायचं नाही. मधूनच "व्हय न्हवं रं?" एवढं ऐकू यायचं.

मग घरात सून आली. साताऱ्याची ऋचा. मुलगा पारस यानं तिला कॉलेजात पसंत केलं होतं, आणि ती मगदूमांसारखी जैन नव्हती. राजमतीबाईंनी लग्न मोडलं नाही, पण दाराशी ओवाळताना एवढंच सांगितलं, "ह्या घरात दिवस मावळल्यावर कुणी खात न्हाई. बाकी तुझं तू बघ." ऋचानं मान हलवली. ती सासूला आत्ती म्हणू लागली, सांगलीकडं म्हणतात तसं. तिनं तो नियम पाळलाही. पारस मात्र दुकानातून येताना भडंग खाऊन यायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी विचारत नव्हतं.

ऋचाला मुलगी झाली, तिचं नाव ब्राह्मी. ब्राह्मी रांगायला लागली त्या सुमाराला सुंठ्या मोरीतल्या बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागला. घटाघटा, माणसासारखं. खायचा ढीगभर आणि दिवसेंदिवस वाळत चालला. मग एक दिवस ऋचानं पाहिलं, की तो मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालतोय, जणू कमरेतून खचलाय.

मिरज रस्त्यावर डॉक्टर शिवांजलींचा जनावरांचा दवाखाना आहे. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, की बोक्याला मधुमेह झालाय. राजमतीबाई ऐकून बसल्या त्या बसल्याच. मग म्हणाल्या, "मालकाचं दुखणं घेतलं बघा ह्यानं अंगावर."

डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. सकाळी एक युनिट, संध्याकाळी एक युनिट, खाण्याबरोबर. दूधभात बंद करायला सांगितला. "मीटर आहे का घरात?" त्यांनी विचारलं. निघताना ऋचानं मला डब्यातून काढून पिशवीत टाकलं होतं; तिनं मला बाहेर काढलं. डॉक्टरांनी उलटसुलट करून पाहिलं. "हा माणसांचा आहे. मांजराची साखर हा जराशी कमीच दाखवतो. पण चढउतार कळायला चालेल."

जराशी कमी दाखवतो. मित्रांनो, मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी असं म्हणालं. मी खरं सांगतो असंच मला वाटत आलं होतं.

पुढचं सगळ्यात महत्त्वाचं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "आठवड्यानं मला एका दिवसाचा पूर्ण आलेख हवा. सकाळी सुई द्यायच्या आधी एकदा मोजायचं, आणि मग संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी. कानाच्या कडेला टोचायचं, तिथं फारसं लागत नाही. डोस मी त्यावरून ठरवीन. मनानं वाढवू नका."

राजमतीबाई गाडीत बसल्या. मग म्हणाल्या, "दर दोन तासांनी रगत काढायचं? मुक्या जिवाचं?"

"आत्ती, कानाला नुसतं—"

"तुझ्या पोरीला काढू देशील दर दोन तासांनी?"

ऋचानं खाली बघितलं. ब्राह्मी तिच्या मांडीवर झोपली होती.

"सकाळी एकदा बघायचं. ह्यांचं तसंच बघत आल्ते. एकदा बघितलं की मला कळतंय."

मुंगीवर पाय पडू नये म्हणून अंगण झाडून मग पाऊल टाकणारी ती बाई. तिचं चुकलं असं त्या दिवशी कोण म्हणेल? मीही म्हणालो नसतो. दिवसाला एकच थेंब, तोही देवाचं नाव घेऊन. मला ती माया वाटली.

अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली. सकाळी सात वाजता ब्राह्मीला पाजून ऋचा सुंठ्याला मांडीवर घ्यायची. कान गरम फडक्यानं शेकायची, कडेला टोचणी लावायची, आणि मोहरीएवढा थेंब मला द्यायची. सुंठ्या शेपूटसुद्धा हलवायचा नाही. ३१२. २९५. ३३०. ऋचा आकडा मोठ्यानं वाचायची. राजमतीबाई स्वयंपाकघरातून "हं" म्हणायच्या.

आलेख घेऊन दवाखान्यात कुणी गेलं नाही. पंधरा दिवसांनी राजमतीबाईंनी संध्याकाळची सुई दीड युनिटाची केली, मग दोनाची. डॉक्टरांना विचारायचं का, असं ऋचानं एकदा म्हणून पाहिलं. "त्यात काय इचारायचं? सकाळची चढली की संध्याकाळची वाढवायची. दहा वर्षं हेच केलंय मी." त्या चिडून बोलल्या नाहीत. ज्याला काम येतं तो बोलतो तशा बोलल्या.

आता त्या घरातली संध्याकाळ तुम्हाला नीट सांगायला हवी. साडेपाचला सगळी जेवायला बसायची. त्याच वेळी सुंठ्याची वाटीही खाली यायची, तीत पनीर आणि मऊ खिचडी. तो खात असतानाच राजमतीबाई त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सुई द्यायच्या. दिवस मावळला की वाटी उचलायची, धुवायची आणि पालथी घालायची. उघड्या अन्नात रात्री किडे पडतात, जीव मरतात, म्हणून. सुंठ्या पुन्हा खायचा तो सकाळी, मला विचारून झाल्यावर. सुई मात्र रात्रभर आपलं काम करत असायची. तिला दिवस मावळल्याचं कुणी सांगितलेलं नव्हतं.

मार्गशीर्षात राजमतीबाई आणि पारस जैनांच्या शिखरजीच्या डोंगरावर यात्रेला निघाले. पंधरा दिवसांसाठी ऋचा ब्राह्मीला घेऊन माहेरी साताऱ्याला गेली. बरोबर वेताच्या टोपलीत सुंठ्या, आणि टोपलीशेजारी मी.

सातारच्या घराला मागं परसदार आहे. तिथून अजिंक्यतारा अख्खा दिसतो. ऋचाची आई सुहासिनी या मोकळ्या बाई. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सुंठ्याची वाटी बघितली. "हे काय गं, बोक्याला पनीर? हा काय लग्नाला आलाय?" असं म्हणून त्यांनी सुकट भाजली, भाकरीच्या तुकड्यात कुस्करली आणि त्याच्यापुढं ठेवली. सुंठ्यानं वास घेतला आणि आवाज करत खाल्ली. ऋचानं दाराकडं बघितलं, जणू सासू तिथं उभी आहे.

"आई, हे सांगलीला कळता कामा नये."

"कोण सांगतंय? बोका?"

वाटी परसदारी तशीच राहिली. रात्रीही. कुणी उचललीच नाही, कारण त्या घरात वाटी उचलायची रीतच नव्हती. सुंठ्याला वाटेल तेव्हा तो उठून चार घास खायचा. सुया सांगलीच्याच मापानं चालू होत्या, सकाळी एक आणि संध्याकाळी दोन.

तिसऱ्या सकाळी माझ्यावर आकडा उमटला १८८. ऋचाला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी १७६. पुढं १९०, १८१. सुंठ्या परसातल्या चिमण्यांवर टपायला लागला. त्याच्या मागच्या पायात थोडा जोर आला. सुहासिनीबाई हसून हसून बेजार. "पेढ्यांच्या गावात येऊन याची साखर उतरली गं. सांग सासूला."

ऋचानं सासूला फोन केला. आकडे सांगितले. राजमतीबाई पलीकडून म्हणाल्या, "साताऱ्याची हवा मानवली म्हणायची." त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी हलका झाला होता. सुकटीचं आणि रात्रभर खाली राहिलेल्या वाटीचं ऋचा बोलली नाही. बोलणार होती. तेवढ्यात राजमतीबाई म्हणाल्या, "त्याच्यासाठी पण नमस्कार घातला हाय डोंगरावर," आणि तिच्यानं पुढं बोलवलं नाही.

मित्रांनो, ते पंधरा दिवस माझ्या पोटात अजून आहेत. मी शेवटचे पाचशे आकडे तारीखवेळेसकट साठवतो. कुणी बटण दाबून मागं गेलं असतं, तर सगळं तिथं लिहिलेलं होतं.

सांगलीला परतल्यावर चौथ्या सकाळी ३६५. मग ४०२. राजमतीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी संध्याकाळची सुई अडीचावर नेली, मग तीनवर. आकडा उतरेना. ४१०. ४२६. त्यांनी त्याच्यासाठी स्वतःचं एक वेळचं जेवण सोडलं. सुंठ्या सकाळी वाटीवर तुटून पडायचा आणि चाटून पुसून खायचा. पहाटे ब्राह्मीला घ्यायला उठलेल्या ऋचाला तो कधी कपाटाखाली दबून बसलेला दिसायचा, कधी भिंतीला अंग लावून झोकांड्या खात चाललेला. झोपेत असेल असं तिला वाटायचं. तीही अर्धी झोपेतच असायची.

एका संध्याकाळी तिनं धीर केला. "आत्ती, रात्री त्याची वाटी ठेवूया का खाली? साताऱ्याला—"

"साताऱ्याला काय?"

"साताऱ्याला आई ठेवायची वाटी."

"तुझ्या आईच्या घरी ठेवत असतील. ह्या घरात न्हाई राहत. माणसाची न्हाई, तशी जनावराची बी न्हाई." राजमतीबाईंनी वाटी पालथी घातली. मग तोंड न वळवता विचारलं, "काय घालत होत्या वाटीत?"

"भाकरी," ऋचा म्हणाली.

मी टेबलावरच होतो. मला बोलता येत असतं तर मी बोललो असतो. पण मला थेंब लागतो.

सुई साडेतीन युनिटांवर गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना ऋचाची हाक ऐकू आली. सुंठ्या मोरीच्या उंबऱ्याशी आडवा पडला होता. पाय ताठ, तोंडाला फेस, सगळं अंग हिसके देत होतं. डबा उघडला. ऋचाच्या हातून पट्टी माझ्या तोंडात दोनदा वाकडी गेली. थेंब लागला. पाच सेकंद.

माझ्यावर आकडा आला नाही. वीसच्या खालचं मला मोजता येत नाही. तेव्हा माझ्यावर फक्त दोन इंग्रजी अक्षरं येतात, एल आणि ओ. इतक्या वर्षांत ती कधी आली नव्हती.

"चारशेच्या वर असंल," राजमतीबाई म्हणत होत्या. "सुई आण, सुई आण लवकर."

"आत्ती, नाही. खाली गेलीय. साखर संपलीय त्याची."

"कशी संपंल? काल सकाळी तर चारशे तीस होती."

फोनवर डॉक्टर शिवांजली ओरडून सांगत होत्या, की हिरड्यांना मध चोळा. मगदूमांच्या घरात मध कधी आलेला नाही, तोही जीवहिंसेचा म्हणून. राजमतीबाईंनी गूळ पाण्यात कुस्करला आणि बोटानं त्याच्या हिरड्यांना चोळत राहिल्या. त्याचे दात त्यांच्या बोटात रुतले होते. त्यांनी बोट काढलं नाही.

दवाखान्यात सलाईन लावलं. तासाभरानं हिसके थांबले. मग डॉक्टरांनी माझं बटण दाबलं आणि मागं मागं जात राहिल्या. सांगली, सातारा, पुन्हा सांगली. सगळ्या वेळा सकाळी सातच्या.

"दुपारचा एकही नाही? रात्रीचा?"

साताऱ्याचे आकडे आले तिथं त्या थांबल्या. "इथं काय वेगळं केलं होतं?"

ऋचानं सांगितलं. वाटी, सुकट, सगळं. सासूसमोर, खाली मान घालून.

डॉक्टरांनी एका कागदावर रेघ काढली. खाली उतरत जाणारी, आणि मग एकदम उभी चढणारी. "संध्याकाळी सुई दिली. रात्री साखर उतरत गेली. पोटात काही नाही, वाटीत काही नाही. इतकी उतरली की शरीर घाबरलं. घराला आग लागल्यावर माणसं हाताला येईल ते पाणी ओततात ना, तसं त्याच्या यकृतानं साठवलेली सगळी साखर रक्तात ओतली. सकाळी तुम्ही मोजलीत ती ही ओतलेली साखर. तुम्हाला दिसलं चारशे. तुम्ही सुई वाढवलीत. दुसऱ्या रात्री तो आणखी खोल गेला. शेवटी ओतायलाही काही उरलं नाही."

राजमतीबाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. पार खालच्या टोकाशी थांबवलं. "हितं ही वेळ कुठली?"

"रात्री अकरा-बाराची असेल."

"आमी झोपल्यालो असतो," त्या म्हणाल्या. आणि मग, "म्हंजे म्याच की."

डॉक्टर काहीतरी समजुतीचं बोलल्या. ते राजमतीबाईंनी ऐकलं नाही.

सुंठ्या घरी आला. एक युनिट सकाळी, एक संध्याकाळी. पण तो परत आलाच नव्हता. मेंदूला साखर मिळाली नाही तेव्हा आत काहीतरी विझलं, असं डॉक्टर म्हणाल्या. तो डोळे उघडे ठेवून एकाच बाजूला गोल गोल चालायचा. भिंत लागली की तिला डोकं टेकून उभा राहायचा. राजमतीबाईंनी हाक मारली तरी कान हलायचा नाही. त्याला घास भरवावा लागायचा.

आता मला दिवसातून पाच वेळा विचारू लागले. सातला, दहाला, एकला, चारला आणि रात्री नऊला. राजमतीबाई स्वतः कान शेकायच्या. १८४. १५२. १२८. १४५. १७०. चढावं तेवढंच चढत होतं, उतरावं तेवढंच उतरत होतं. मित्रांनो, इतके देखणे आकडे मी महावीरांचेही पाहिले नव्हते. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "अगदी हवे तसे आहेत." ऋचानं फोन ठेवला आणि पदरात तोंड घालून रडली. समोर तो भिंतीला डोकं लावून उभा होता.

वाटी आता रात्री खाली राहायची. झाकण नाही, उघडी. राजमतीबाई तिच्याशेजारी पाट घेऊन बसायच्या आणि रुमाल हलवत राहायच्या, किडा पडू नये म्हणून. पारस म्हणाला, "आई, झोप की आता." त्या हलल्या नाहीत. ऋचा ब्राह्मीला झोपवून त्यांच्याशेजारी येऊन बसली.

राजमतीबाई म्हणाल्या, "सुकट घातली तवाच का न्हाई सांगितलंस?"

"भ्याले, आत्ती."

"मला?"

"हो."

रुमाल हलत होता. "सुकट खाऊन काय तो मरणार नव्हता," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना मी मुनीमहाराजांकडनं रात्री खायची सूट मागून आणल्ती. उशाला गूळ ठेवायची रोज. कधी घाम आला, हात कापाय लागलं, की खडा तोंडात. ह्याच्यासाठी मागावं असं मला सुचलंच न्हाई गं. सगळं येत हुतं मला. तेवढंच सुचलं न्हाई."

ऋचानं रुमाल आपल्या हातात घेतला. त्यांनी तो घेऊ दिला.

अकराव्या दिवशी दुपारी सुंठ्या चालायचा थांबला. गोल फिरता फिरता आडवा झाला आणि तसाच राहिला. राजमतीबाईंनी त्याला मांडीवर घेतलं. बराच वेळ गेला.

"बघ की गं एकदा," त्या म्हणाल्या.

"आत्ती, आता कशाला?"

"चार वाजल्यात. बघायची वेळ झालीया. बघ."

ऋचानं कान शेकला. पट्टी माझ्या तोंडात घातली. पडद्यावर थेंबाचं चित्र उघडझाप करू लागलं, म्हणजे मी तयार आहे, थेंब द्या. तिनं टोचलं. कानाची कड दाबली. पुन्हा टोचलं. मी वाट पाहत होतो. थेंबाचं चित्र उमटत होतं आणि मिटत होतं. तिनं मला खाली ठेवलं, पण पट्टी काढली नाही. दोन मिनिटं झाली, आणि मी आपोआप बंद झालो.

मला पुन्हा डब्यात ठेवलंय. आता मी कुणाच्याही कामाचा नाही. माझ्या जातीच्या पट्ट्या बाजारात येत नाहीत, असं दुकानदारानं पारसला सांगितलं. आकडे पोटात आहेत. बॅटरी संपेपर्यंत राहतील.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा मुका जीव आजारी पडला, तर आमच्यासारख्या यंत्रांना एकदा विचारून थांबू नका. एका वेळचा आकडा खरा असतो, पण तो पुरा नसतो. सकाळी विचारलंत तर दुपारीही विचारा, रात्रीही विचारा. ज्याला त्यातलं कळतं त्याला ते सगळं दाखवा, आणि आपल्याला येतं म्हणून मनानं मापं वाढवू नका. आणि घरात कुणाला काही ठाऊक असेल, तर ते बोलायची भीती त्याला वाटू देऊ नका.

टोचायची दया येते, हे मला समजतं. मीही तिला माया म्हणालो होतो. पण एक सांगतो. सुंठ्याचा कान मी पहिल्या दिवसापासून पाहिला. त्यानं कधी पंजा उगारला नाही, कधी मान ओढून घेतली नाही. त्याला दिवसातून दहादा टोचलं असतं, तरी तो तसाच मांडीवर बसून राहिला असता.